15 वर्षे पूर्ण होणारी मोटारसायकल: पासिंग करून ठेवावी की एक्स्चेंजमध्ये द्यावी?

जामनेरच्या एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्याच्या वडिलांनी ऑक्टोबर 2011 मध्ये घेतलेली 150 सीसीची मोटारसायकल 92,000 किलोमीटर चालली आहे आणि गेल्या दोन वर्षांपासून तो तिच्यावर नेरीमार्गे जळगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. येऊन-जाऊन रोजचे अंतर सुमारे 70 किलोमीटर होते. येत्या ऑक्टोबरमध्ये नोंदणीची मुदत संपत असल्याने तो शोरूममध्ये चौकशीला गेला, तेव्हा 15 वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते, म्हणून आत्ताच 15,000 रुपयांना एक्स्चेंजमध्ये देऊन नवी 125 सीसी घ्यावी, असे त्याला सांगण्यात आले. उरलेल्या 90,000 रुपयांसाठी फायनान्सचीही तयारी दाखवली गेली. वडिलांचे म्हणणे मात्र गाडी ठेवावी असे आहे. काय करावे, असा त्याचा प्रश्न आहे.

गेली 26 वर्षे मी मोटारसायकलींचे गॅरेज चालवतो आणि त्यासोबत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही करतो. दर महिन्याला दोन-तीन जण हाच प्रश्न घेऊन गॅरेजवर येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न मिसळले आहेत. जुन्या गाडीचे काय करायचे हा एक आणि रोजच्या 70 किलोमीटरसाठी कोणती गाडी योग्य हा दुसरा. शोरूमने हे दोन्ही एकाच कागदावर आणून ठेवल्यामुळे तुम्हाला ते एकच वाटत आहेत. ते वेगळे केले की वडील आणि तुम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात, असे मला वाटते.

आधी 15 वर्षांची भीती दूर करू. खाजगी मोटारसायकलची नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि त्यानंतर गाडी तपासणीत योग्य ठरली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पेट्रोलची गाडी 15 वर्षांनंतर रस्त्यावरून काढण्याचा निर्बंध दिल्ली आणि तिच्या परिसरापुरता आहे. त्याच्या बातम्या आपल्याकडे पोहोचल्या आणि जळगावच्या एमएच-19 क्रमांकाच्या गाड्यांनाही तोच नियम लागू आहे, असा समज पसरला. या समजापोटी धडधाकट गाड्या भंगाराच्या भावात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण देणारा बहुधा शेतकरी किंवा रोजंदारीवरचा माणूस असतो.

नोंदणी वाढवण्यासाठी, म्हणजेच पासिंगसाठी, मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत नमुना 25 चा अर्ज करायचा असतो. 15 वर्षांनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाचे शुल्क मोटारसायकलसाठी 1,000 रुपये आहे आणि त्यासोबत राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. उशीर झाला तर दर महिन्याला 300 रुपये वाढत जातात, म्हणून दिवाळीनंतर बघू असे करू नका. तुमची गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्यामुळे तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. तिचा दर दुचाकीला 450 रुपये अधिक जीएसटी असा आहे. विमा आणि पीयूसी चालू असले पाहिजे. तुमची गाडी नावाला 150 ची असली तरी या वर्गातल्या गाड्यांची प्रत्यक्ष क्षमता बहुधा 149 सीसीच्या आसपास असते, म्हणजे ती 75 ते 150 सीसीच्या गटात बसते आणि थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा मूळ हप्ता 714 रुपये पडतो. सगळे मिळून हा काही हजारांचा खर्च आहे आणि त्यात गाडी आणखी पाच वर्षे कायदेशीरपणे चालते.

पण कायदा परवानगी देतो म्हणून गाडी तेवढी टिकेलच असे नाही. ते गाडीच्या तब्येतीवर अवलंबून आहे, आणि गाडी समोर नसताना मी त्याबद्दल ठाम बोलू शकत नाही. त्यासाठी काही गोष्टी तुम्हालाच पाहाव्या लागतील. रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरे फडके धरा. पहिल्या मिनिटाला पाण्याचे थेंब आणि थोडी काजळी आली तर काळजी नाही, परंतु इंजिन गरम झाल्यावर रेस दिली असता निळसर धूर येत असेल आणि फडक्यावर तेलकट डाग पडत असेल, तर रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. मग ऑइल खुणेपर्यंत भरा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, आणि 1,000 किलोमीटरनंतर ऑइल किती उतरले ते पाहा. थोडेसे उतरणे या वयाच्या गाडीत चालते. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली तर हाफ इंजिनचे, म्हणजे सिलिंडर-पिस्टनचे, काम आले असे समजा.

इंजिनापेक्षाही चेसिसकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, लक्ष द्या, कारण इंजिन दुरुस्त होते, पण चेसिसचे दुखणे कायमचे असते. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि कोणाला तरी मागे बसवून पुढचे चाक जमिनीवरून उचला. आता हँडल अगदी हळू, एका बोटाने, डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, झिजला आहे. तो बदलता येतो आणि फार महागही नाही. त्यानंतर फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ओढा, मग मागचे चाक धरून आडवे हलवा. मागचे चाक धरणाऱ्या स्विंग आर्मची बुश गेली असेल तर हातालाच कळते. एवढे झाल्यावर बॅटरीच्या खाली, सीटच्या खाली आणि स्टँडच्या जोडाजवळ टॉर्चने पाहा. तिथे गंजाचे पापुद्रे सुटत असतील किंवा पूर्वी वेल्डिंग केलेले दिसले, तर त्या गाडीवर रोज महामार्गाचा प्रवास करू नका, मग इंजिन कितीही गोड चालत असो.

आता पैशाचा हिशेब. तुम्ही महिन्यात 26 दिवस जाता असे धरले तर साधारण 1,820 किलोमीटर होतात. जुनी 150 ची गाडी लिटरला 42 देत असेल आणि नवी 125 ची 58 देणार असेल, तर जुनीला सुमारे 43 लिटर आणि नवीला 31 लिटर पेट्रोल लागेल. बारा लिटरचा फरक 105 रुपयांच्या भावाने महिन्याला साधारण 1,260 रुपये होतो. देखभालीत, म्हणजे चेन सेट, क्लच प्लेट, टायर आणि मधूनमधून निघणारी कामे धरून, इतके चालणाऱ्या जुन्या गाडीवर माझ्या अनुभवाने महिन्याला 600 रुपये तरी जास्त जातात. म्हणजे नवी गाडी महिन्याला 1,860 रुपयांच्या आसपास वाचवेल.

दुसरीकडे हप्ता आहे. 90,000 रुपये तीन वर्षांसाठी 10 टक्क्यांनी, असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. हे 10 टक्के फ्लॅट आहेत की घटत्या शिलकीवर, हे आधी लेखी विचारून घ्या. फ्लॅट असतील तर तीन वर्षांचे व्याज 27,000 होते, हप्ता 3,250 रुपये बसतो आणि प्रत्यक्षात व्याजाचा दर वर्षाला 18 टक्क्यांच्या जवळ जातो, कारण तुम्ही मुद्दल फेडत असता पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 90,000 वरच मोजले जाते. बँकेचे घटत्या शिलकीवरचे 12 टक्के ऐकायला जास्त वाटतात, पण ते बरेच स्वस्त पडतात. हा एकच प्रश्न विचारल्यामुळे माझ्या एका गिऱ्हाइकाने शोरूममधले फायनान्स नाकारून आपल्या बँकेतून कर्ज घेतले.

3,250 चा हप्ता आणि 1,860 ची बचत, म्हणजे तीन वर्षे महिन्याला 1,400 रुपये खिशातून जास्त जातील. ही रक्कम एकूण 50,000 होते. तीन वर्षांनी 65,000 किलोमीटर चाललेली, नीट ठेवलेली 125 ची गाडी आपल्या भागात साधारण तेवढ्याला जाते, असा माझा खरेदी-विक्रीचा अंदाज आहे. त्यामुळे तुमच्या बाबतीत पैशाने दोन्ही पारडी जवळपास सारखी होतात. हे फक्त तुम्ही रोज 70 किलोमीटर चालता म्हणून. हेच अंतर 15 किलोमीटर असते, तर पेट्रोलची बचत महिन्याला जेमतेम 270 रुपये झाली असती आणि मी तुम्हाला डोळे झाकून जुनी गाडी पासिंग करून चालवा असे सांगितले असते.

पारडी सारखी असतील तर निर्णय दुसऱ्या गोष्टीवर घ्यावा लागतो, आणि माझ्या मते ती गोष्ट ब्रेक आहे. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असून एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, नाही, कारण 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएसची सक्ती नव्या मॉडेलसाठी एप्रिल 2018 पासून आणि चालू मॉडेलसाठी एप्रिल 2019 पासून आली. अजिंठा रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये काय होते ते तुम्हाला माहीत आहे. शेतातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सांडत जातो, वरून पावसाची भुरभूर येते आणि दहा-पंधरा फुटांचा तो पट्टा साबणासारखा होतो. दुसऱ्या शिफ्टनंतर रात्री साडेअकराला घरी येताना तो पट्टा दिव्याच्या उजेडात ओला डांबरी रस्ता म्हणूनच दिसतो. अशा जागी घाबरून पुढचा ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी लॉक होते आणि माणूस सावरायच्या आत खाली जातो. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही. खाली घासलेल्या गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात, त्यांचे वाकलेले हँडल आणि झिजलेले फूटरेस्ट मी सरळ करतो. काही गाड्या मालकाऐवजी त्याचा भाऊ किंवा वडील घेऊन येतात.

म्हणूनच शोरूमने दाखवलेली नवी 125 घेण्याबाबत मला शंका आहे. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना नियमाने सीबीएस पुरेसे धरले गेले, आणि सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागणे. तेही उपयोगाचे आहे, परंतु चाक लॉक होणे ते थांबवत नाही. तुम्ही गाडी बदलणार असाल आणि बदलण्याचे कारण रात्रीचा महामार्ग असेल, तर निदान पुढच्या चाकाला एबीएस असलेली गाडी घ्या. नवी 150-160 सीसी बजेटबाहेर जात असेल तर 2021 ते 2023 मधली, एका हातची, बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाची) गाडी शोधा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यामुळे नव्या गाडीच्या एक लाखाच्या किमतीत सुमारे 7,800 रुपयांचा फरक पडला आणि साहजिकच जुन्या गाड्यांचे भावही खाली बसले. विकत घेणाऱ्यासाठी ही चांगली वेळ आहे.

नव्या गाडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत जवळपास सगळीकडे कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. ती गाडी सकाळी लगेच सुरू होते, उन्हाळ्यात-हिवाळ्यात सारखी चालते, पण सेन्सर बिघडला तर नेरीच्या फाट्यावरचा मेकॅनिक पाना-स्क्रू ड्रायव्हरने ती सुरू करून देऊ शकत नाही. स्कॅनर लागतो. तिचा पेट्रोल पंप टाकीतच बसलेला असतो आणि टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून जळगावच्या 45 अंशांच्या मे महिन्यात कायम रिझर्व्हवर चालवण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. बॅटरीही अशक्त चालत नाही. आपल्या उन्हात ती तीन वर्षांच्या आसपास बदलावी लागते, हे खर्चात धरून ठेवा.

आता जुन्या गाडीबद्दल. ती 15,000 रुपयांना एक्स्चेंजमध्ये देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. शोरूमचा भाव ती मुदत संपत आलेली गाडी धरून काढलेला असतो. पाच वर्षांचे पासिंग झालेली, कागद चोख असलेली, एका घरातली 150 ची गाडी जामनेर, पहूर, बोदवड भागात शेतावर जाण्यासाठी हवी असणारे लोक भरपूर आहेत आणि ते 15,000 पेक्षा चांगला भाव देतात. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की वडील शेतावर जायला सध्या शेजाऱ्याची गाडी मागतात. मग विकताच कशाला? घरापासून शेत चार किलोमीटर असेल तर ही गाडी वडिलांसाठी अजून पाच वर्षे निवांत चालेल. त्या वेगाला आणि त्या रस्त्याला तिचे ब्रेक पुरेसे आहेत.

गाडी वडिलांकडे राहिली तर एक काळजी घ्यावी लागेल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि 2011 च्या गाडीचे रबरी पाइप, वॉशर व कार्ब्युरेटरचे पॅकिंग त्यासाठी बनवलेले नाहीत. रोज चालणाऱ्या गाडीत फारसे काही जाणवत नाही. मात्र पेरणी संपल्यावर गाडी पंधरा-वीस दिवस गोठ्याच्या पत्र्याखाली उभी राहिली की इथेनॉल हवेतली ओल शोषते, कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी आणि चिकट थर साचतो आणि मग किक मारून पाय दुखतो. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. पेट्रोलचा पाइप आत्ताच बदलून घ्या, तो स्वस्त आहे. टायरवरचा चार आकडी शिक्काही पाहा. 3418 असेल तर तो टायर 2018 च्या 34 व्या आठवड्यातला आहे, आणि नक्षी शिल्लक दिसत असली तरी आपल्या उन्हात इतके जुने रबर कडक झालेले असते.

तरीही काही कारणाने एक्स्चेंजच करायचे ठरले, तर कागदांबाबत मी तुम्हाला हात जोडून सांगतो. 2009 मध्ये मी स्वतःची एक गाडी एका विक्रेत्याकडे बदल्यात दिली, त्याने कोऱ्या अर्जांवर माझ्या सह्या घेतल्या आणि नाव लगेच चढवतो असे सांगितले. मी त्याच्या शब्दावर राहिलो. तीन वर्षांनी त्या गाडीच्या अपघाताच्या दाव्यात मला नोटीस आली, कारण गाडी दोन हात फिरली होती तरी नोंदणी माझ्याच नावावर होती आणि विमा संपलेला होता. त्या प्रकरणात माझी दोन वर्षे तारखांना जाण्यात गेली. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यात हीच भूमिका घेतली आहे. त्यामुळे मालकी बदलाचे नमुना 29 आणि 30 पूर्ण भरल्याशिवाय, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहिल्याशिवाय सही करू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा, गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ असलेली पावती घ्या आणि नाव बदलले की नाही हे परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. तुमच्या बाबतीत आरसी वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे सही त्यांची लागेल आणि नोटीस आली तर तीही त्यांनाच येईल.

थोडक्यात माझा क्रम असा राहील: ऑगस्टमध्ये जुन्या गाडीची चेसिस आणि ऑइल तपासून घ्यावे, ती ठीक असेल तर अर्जाची मुदत सुरू होताच पासिंगला लावावी आणि वडिलांना द्यावी. तुम्ही स्वतःसाठी एबीएस असलेली गाडी शांतपणे शोधावी, आणि तोपर्यंत रात्रीच्या शिफ्टला शक्य असेल तेव्हा एसटीने किंवा सहकाऱ्याच्या गाडीने यावे. चेसिस गंजलेली निघाली तर मात्र वडिलांनाही ती देऊ नका. तेव्हा 15,000 हा भाव वाईट नाही, तो घ्या.

एक काम आजच करा. आरसी काढून फायनान्सचा बोजा अजून नोंदलेला आहे का ते पाहा. 2011 मध्ये आपल्याकडे पुष्कळ गाड्या पतसंस्थांच्या कर्जावर घेतल्या गेल्या, हप्ते वेळेवर फिटले, पण ना-हरकत पत्र घेऊन नमुना 35 भरायचा राहून गेला. त्यातल्या काही संस्था आज बंद आहेत आणि तिथे सही द्यायला कोणी नाही. बोजा निघाल्याशिवाय गाडी ना विकता येते, ना एक्स्चेंजमध्ये देता येते, आणि तुमच्या यादीत सर्वांत जास्त वेळ खाणारे काम कदाचित हेच निघेल.